दवबिंदूचा मास्तर

दवबिंदू म्हणजे काय, हे मी नोकरीची सगळी वर्षं शिकवलं. हवा थंड झाली की तिची वाफ धरून ठेवायची ताकद कमी होते आणि एका तापमानाला ती जादाची वाफ टाकून देते. हे समजावायला मी फळ्यावर पाण्याचा पेला काढायचो, त्याच्या बाहेरून खडूचे ठिपके द्यायचो आणि मागच्या बाकावरच्या एखाद्याला उभं करायचो. त्याला उत्तर आलं नाही की मी जे काही बोलायचो, ते आता मला कुणी ऐकवू नये एवढीच इच्छा आहे.

झालं असं, की नातू जन्मला जानेवारीत. जून-जुलैत फुलं बघायला कॅनडाला जाणाऱ्या शहाण्या आईबापांच्या यादीतून आमचं नाव कटलं आणि आम्ही दोघं ऐन थंडीत टोरांटोजवळ मुलाच्या घरी उतरलो. बाहेर उणे 10. ही लगेच डिंकाचे लाडू, शेक, मालिश यात बुडून गेली. मी मोकळा. बाळंतिणीच्या घरात बिनकामाचा पुरुष कुठेही बसला तरी वाटेतच असतो, म्हणून मी जाहीर केलं, की ड्राइव्हवेच्या तोंडचा बर्फ आजपासून मी काढणार.

रस्त्यावरचा बर्फ सारणारी गाडी जाता जाता प्रत्येक घरापुढे बर्फाचा एक बांध टाकून जाते. ताजा असला तर फावड्याने निघतो, रात्रभर राहिला की त्याचा दगड होतो. मग तो सपाट पात्याच्या लोखंडी दांड्याने फोडायचा. कपच्या उडतात. "बाबा, गॉगल लावल्याशिवाय हात लावायचा नाही," मुलाने बजावलं.

लावला. अंगात थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर मुलाचं जाकीट, डोक्यावर पुण्याहून नेलेली माकडटोपी, तोंडावर मफलर, डोळ्यांवर माझा नेहमीचा चष्मा आणि त्यावर तो गॉगल. चार घाव घातले आणि कॅनडा दिसेनासा झाला.

कारण मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. नाकातोंडातून निघणारी हवा साधारण 35 अंशांची, घनमीटरला जवळजवळ 40 ग्रॅम पाणी घेऊन येणारी. उणे 10च्या हवेत अडीच ग्रॅमसुद्धा मावत नाही. मफलरने समोरची वाट बुजवलेली, त्यामुळे हा सगळा ऐवज नाकाच्या कडेने वर चढून थेट काचेवर. कळलं सगळं. दिसत काही नव्हतं.

गॉगल कपाळावर चढवावा तर कपाळाचा घाम त्याला आणखी धुरकटवतो, हातमोज्याने पुसावा तर मोज्यावरचा बर्फ काचेला लागतो, आतला चष्मा पुसावा तर आधी माकडटोपी काढावी लागते, टोपी काढावी तर मफलर सुटतो, मफलर सावरायला मोजे काढावेत तर बोटं बधिर होतात, आणि घरात जाऊन सगळं नीट पुसावं म्हणून दार उघडावं तर आत कुकर शिट्ट्या घेत असतो, म्हणजे थंडगार काचा उंबऱ्यातच पुन्हा आंधळ्या होतात, आणि तशाच घेऊन बाहेर यावं तर त्या वाफेचा काचेवर बर्फ होतो. जो काढायला आलो होतो तोच मी नाकावर तयार करत होतो.

"अहो, घाम किती आलाय!" ही दारातून ओरडली. "तो स्वेटर काढा आधी. आणि मफलर नाकाखाली घ्या. घाम येईस्तोवर काम करायची सवय कधी होती तुम्हाला?"

दोन्ही केलं. धुकं निम्म्यावर आलं. हिने विज्ञान दहावीनंतर सोडलंय.

उरलेल्या निम्म्यासाठी मी शास्त्राकडे वळलो. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. वाफ जमायची ती जमतेच, पण थेंबाथेंबाने न जमता काचेवर पापुद्र्यासारखी पसरते आणि आरपार दिसतं. म्हणून भांडी घासायचा साबण गॉगलच्या आतून चांगला सढळ हाताने चोपडला. सढळ नको होता. कपाळाचा घाम त्यातून वाट काढत डोळ्यांत उतरला आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून इतका रडलो, की समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी येऊन पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, मला घरची आठवण आली.

रात्री मुलगा हसून म्हणाला, "बाबा, तुम्ही मोठ्या पंगतीत आहात." क्रिस हॅडफिल्ड, यानाबाहेर पडून काम करणारा पहिला कॅनेडियन. एप्रिल 2001 मध्ये त्याच्या हेल्मेटच्या काचेला लावलेलं धुकं-प्रतिबंधक द्रावण डोळ्यात गेलं. वर अश्रू ओघळत नाहीत, डोळ्यावरच साठतात. साठता साठता दुसऱ्या डोळ्यातही गेले आणि गडी काही वेळ दोन्ही डोळ्यांनी आंधळा. पुढे त्या द्रावणाच्या जागी लहान मुलांचा, डोळ्यांना न झोंबणारा शाम्पू आला, असं तोच सांगतो. माझे अश्रू निदान गालावरून ओघळले. गुरुत्वाकर्षणही मीच शिकवायचो.

दुसऱ्या दिवशी नातवाच्या टबाशेजारची बाटली सूनबाईच्या नकळत उचलली. एकच थेंब, बोटाने पसरवला, मऊ फडक्याने काच दिसेपर्यंत पुसला. बाहेर आलो आणि काय सांगू, लख्ख! सगळं दिसलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला बांध दिसला, त्याच्या एका कोपऱ्यात माझ्या आजवरच्या मेहनतीने पडलेला उंदराने कुरतडावा एवढा खड्डा दिसला, समोरच्या म्हाताऱ्या बाईंचा झाडून स्वच्छ झालेला ड्राइव्हवे दिसला, आणि वळणावरून निळे दिवे लुकलुकवत नवा बर्फ ढकलत येणारी ती गाडीही दिसली.

मी गॉगल काढला, तोंडाशी धरला आणि पोटापासून 'हाऽऽ' केलं.

काच तशीच लख्ख.