नवगुडघे

पुण्यात दिवाळीचे आकाशकंदील उतरले की दोन गोष्टींचा हंगाम सुरू होतो, हुरड्याचा आणि गुडघ्यांचा. हुरड्यासाठी शहराबाहेर जावं लागतं. गुडघे घरबसल्या ऐकू येतात. वरच्या मजल्यावर सकाळी साडेसहाला वॉकर टेकल्याचा आवाज होतो, मग एक पाऊल, मग ‘आई गं’, मग पुन्हा वॉकर. पूर्वी आपल्यात नवश्रीमंत असत, मग नवकवी झाले. आता नवगुडघे आलेत. डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या प्रत्येक विंगमध्ये निदान एक तरी सापडतात.

नवगुडघे सत्तरीच्या अल्याड-पल्याडचे असतात. बँक, विमा किंवा जिल्हा परिषद यांपैकी कुठून तरी सन्मानाने निवृत्त झालेले. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी बाणेरला. (कोथरूडकरांच्या लेखी दोन्ही अंतरं सारखीच.) गुडघा दहाएक वर्षं दुखत असतो आणि त्या काळात त्याला महानारायण तेल, पट्टा, एरंडाची पानं, लसणाचं दूध आणि साताऱ्याच्या पुढे कुणीसा फक्त मंगळवारी देतो ते चूर्ण, असं सगळं मिळालेलं असतं. गुडघा कशालाच बधत नाही. मग एके दिवशी पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांवर नवगुडघे बसतात, आणि बसतात ते उठतच नाहीत. चार जण मिळून खाली आणतात. त्या रात्री निर्णय होतो.

ऑपरेशन थंडीतच. कारण विचारलं तर ‘थंडीत जखम चिघळत नाही’. हाडांचे सर्जन मे महिन्यातही तितक्याच उमेदीने गुडघे बदलत असतात, हे नवगुडघ्यांच्या कानावर घालून उपयोग नसतो. खरी गोष्ट अशी की पितृपक्षात हे असलं करायचं नाही, नवरात्रात घरात घट, दिवाळीत फराळ, आणि न्यू जर्सीला सुट्टी मिळते ती नोव्हेंबरच्या अखेरीस. एकूण काय, गुडघ्याचा मुहूर्त पंचांगात निघत नाही, मुलाच्या ऑफिसात निघतो.

सांध्याची खरेदी हा स्वतंत्र सोहळा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींना वेसण घातली. तोवर सरासरी १,५८,३२४ रुपयांना पडणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपयांवर आला, वर जीएसटी. हे आकडे नवगुडघ्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा चोख पाठ असतात. “घाई केली असती तर लाखभर रुपये गेले असते,” असं ते सांगतात तेव्हा दहा वर्षं लंगडल्याचं सार्थक त्यांच्या तोंडावर दिसतं. मग सर्जनला पुढचा प्रश्न : “टिकेल किती?” पंधरा-वीस वर्षं सहज, असं उत्तर येतं. नवगुडघे मनातल्या मनात स्वतःचं वय त्यात मिळवतात आणि आवाज खाली आणून विचारतात, “मग थोडा कमी टिकणारा, जरा स्वस्तातला नाही का?”

ऑपरेशनला निघताना अटलजींचं नाव निघालंच पाहिजे. वाजपेयी पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा २००० साली आणि उजवा २००१ साली बदलला. राणावत न्यू यॉर्कहून आले होते, आणि सत्तरच्या दशकात तिथे ज्या मंडळींनी आजच्या सांध्याचा मूळ नमुना बेतला त्यांतले ते एक. त्या दोन ऑपरेशनांनी भारतातल्या घराघरांत ‘गुडघा बदलतात’ ही बातमी पोचली. नवगुडघे ती अशा सुरात सांगतात की अटलजींनंतर थेट आपलाच नंबर. यावर फक्त एकदाच पाणी पडतं. सर्जन नवगुडघ्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, कागदावर चित्र काढून दाखवतात, की पूर्ण गुडघा काही बदलत नाहीत. हाडांची झिजलेली टोकं जेमतेम सेंटिमीटरभर तासतात, वर धातू बसवतात आणि मधे प्लॅस्टिकची चकती. काकू म्हणतात, “म्हणजे दाताला टोपी घालतात तसं!” नवगुडघे दुखावतात. ऑपरेशनने नाही, टोपीने.

दुसऱ्या दिवशी उभं करतात, चारपाच दिवसांत घरी सोडतात, आणि मग ती येते.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी. सकाळी आठला स्कूटरवरून कुडकुडत येते, हेल्मेट चपलांच्या कपाटावर ठेवते, हात चोळून गरम करते आणि म्हणते, “काका, झोपा.” ज्यांच्या केबिनबाहेर अर्धी शाखा सहीसाठी ताटकळत असे, ते नवगुडघे निमूट झोपतात. पहिल्या दिवशी ते तिला ‘अगं पोरी’ म्हणतात. आठवड्याच्या आत ‘मॅडम’.

पहिला व्यायाम दिसायला काहीच नाही. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली गादीकडे दाबायचा. पण ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू रुसून बसलेला असतो, वरचे हुकूम त्याला पोचत नाहीत. नवगुडघे सर्व शक्ती एकवटतात. दात आवळले जातात, कानटोपी भुवयांसकट वर सरकते, उजवी मूठ वळते, मानेची शीर फुगते. गुडघा जागच्या जागी. ती शांतपणे सांगते, “काका, चेहऱ्याने नाही. मांडीने.”

दुसरा व्यायाम, पाय सरळ उचलून दहापर्यंत धरायचा. मोजायचं काम तिच्याकडे, आणि तिचे दहा हे बँकेचे दहा नव्हेत. सातपर्यंत ती नेमाने येते, मग स्वयंपाकघराकडे मान वळवून “काकू, माझ्या चहात साखर नको हं” म्हणते, वर मोबाइलमध्ये एकदा डोकावते, आणि सावकाश आठावर येते. पाय हवेत थरथरत असतो. नऊला तो खाली पडला तर पुन्हा एकपासून.

तिसरा खरा. पलंगाच्या कडेला बसून दुखरा पाय खाली सोडायचा आणि चांगल्या पायाने त्याला मागे रेटायचं. रेटणं पुरेसं झालं नाही की ती स्वतः हात लावते. नवगुडघे अथर्वशीर्ष सुरू करतात. फलश्रुतीपर्यंत पोचायच्या आत प्लॅस्टिकचं लांब कोनमापक गुडघ्याला लागतं, एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी पोटरीच्या. सगळं घर श्वास रोखतं. “ब्याऐंशी.” “कालही ब्याऐंशीच होतं!” “काल चौऱ्याऐंशी होतं, काका.”

थंडीची किंमत इथे कळते. जखमेसाठी निवडलेल्या थंडीत स्नायू आखडतात, आणि रात्रभर दुलईत गप पडून राहिलेला सांधा सकाळी कुणाला ओळख देत नाही. पहिले सहा-आठ आठवडेच खरे कामाचे. त्या दिवसांत वाकवला नाही तर आतल्या आत सगळं चिकटत जातं आणि गुडघा कायमचा हट्टाला पेटतो. “नाहीतर सरांना भूल देऊन वाकवावा लागेल हं,” हे ती ज्या गोड आवाजात सांगते, त्या आवाजात इतर मुली वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही हाही तिचाच नियम, कारण उशीवर सुखावलेला गुडघा पुढे पुरता सरळ व्हायला तयार नसतो. नवगुडघे रात्री उशी घेतात आणि स्कूटरचा आवाज आला की भिंतीकडे ढकलतात. ती काही बोलत नाही. गादीवरच्या खळग्याकडे बघते.

सगळ्यात मोठी लढाई बर्फाची. व्यायाम झाल्यावर सूज उतरायला पंधरा मिनिटं बर्फ लावा, असं ती सांगून जाते आणि मराठी घराच्या पायालाच हादरा बसतो. सांधा म्हणजे वात, वाताला थंड वर्ज्य, हे आपण दूध पितो तेव्हापासूनचं ज्ञान. सांगलीच्या आत्यांचा फोन येतो : “डिसेंबरात बर्फ? जिवावर उठलीय का ती?” शेवटी टाके निघाल्यावर तह होतो. व्यायामाआधी मांडीला शेक, नंतर गुडघ्याला बर्फ. आत्यांना फक्त पहिला भाग कळवला जातो.

बर्फ म्हणजे अर्थात मटार. याच दिवसांत तो स्वस्त होतो आणि घरोघर किलोकिलोने सोलून फ्रीजरमध्ये पडतो. मटारची पिशवी गुडघ्याला बर्फाच्या तुकड्यांपेक्षा छान बसते, दाणे कडेकडेने सरकून नेमके वाटीभोवती येतात. गुडघ्याचा मटार नि जेवणाचा मटार एक होऊ नये म्हणून काकू पिशवीला लाल दोरा बांधतात. तरी व्हायचं ते होतं. रविवारी बाणेरची मंडळी जेवायला येतात, मुलगी मदत म्हणून मसालेभात टाकते, जावई तिसऱ्यांदा वाढून घेत असतो, आणि फ्रीजरचं दार उघडून उभे असलेले नवगुडघे ओरडतात, “माझा गुडघा कुठाय?” ओट्यावर लाल दोरा पडलेला असतो. जावयाचा घास तिथेच थांबतो.

नोकरीत जन्मभर खतावणी सांभाळलेला माणूस गुडघ्याचीही वही घालतो. डावीकडे शिवाजीनगरचं किमान तापमान, उजवीकडे वाक. दोन्ही अंशांतच असल्याने त्यांना यात निसर्गाची काही योजना दिसते. “शिवाजीनगरला नऊवर गेलं होतं, म्हणून मी अठ्ठ्याऐंशीवर अडकलो,” ते वही पुढे करतात. “काल संध्याकाळी तुम्ही व्यायाम केला नाहीत, म्हणून अडकलात,” मॅडम वही न बघता सांगतात. त्यासाठी वहीत रकाना नाही.

काठीवर आले की ते खाली कट्ट्यावर उतरतात. उतरताना ‘चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा’ हा नियम मोठ्याने म्हणतात, म्हणजे लिफ्टची वाट बघणाऱ्यांनाही त्याचा लाभ होतो. कट्ट्यावर आजवर बायपासवाल्यांचा मान मोठा होता. पण बायपासला अंश नाहीत, तुलना करायला काही हाती लागत नाही, त्यामुळे ते हळूहळू मागच्या बाकावर गेलेत. आता पहिला प्रश्न “किती?”, दुसरा “कितव्या आठवड्यात?”, तिसरा “रोबोटने की हाताने?”. एकशे दहावाला शंभरवाल्याशी जरा समजुतीने बोलतो. दोन्ही गुडघे एका दमात केलेले एक गृहस्थ बी विंगमध्ये आहेत. ते आले की सगळे सरकून जागा देतात, ते तसेच उभे राहतात, आणि मुद्दाम उभे राहतात. वास्तविक सपाटीवर चालायला साठ-पासष्ट अंशांची वाक पुरते आणि शंभराच्या पुढे गेलं की खुर्चीतून नीट उठता येतं. पण माणूस काय नुसता खुर्चीतून उठण्यासाठी जगतो?

खुर्चीवरून आठवलं. डिसेंबर म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव. १९५३ पासून चाललेल्या या महोत्सवाला नवगुडघे रमणबागेच्या काळापासून भारतीय बैठकीत बसत आलेले. खुर्चीवाल्यांना गाणं कमी कळतं, असं त्यांचं जाहीर मत होतं. आता जमिनीवर बसायचं नाही आणि मांडी घालायची नाही, म्हणून मुकुंदनगरला महागडं खुर्चीचं तिकीट काढून ते कडेच्या जागेवर पाय लांब करून बसतात. येणारे-जाणारे अडखळतात. पायात रक्त साकळू नये म्हणून घोटा वरखाली करत राहायची मॅडमची ताकीद असते; विलंबित एकतालाच्या एका आवर्तनात ते बरोबर बारा करतात. शेजारच्याला वाटतं, काय लयीचा माणूस आहे.

या सगळ्यात काकू कुठे असतात? शेक, बर्फ, डिंकाचे लाडू, मोजे चढवणं, मोजे उतरवणं, वॉकर दाराशी ठेवणं आणि ‘अगं, तो दाराशी नको’ म्हटलं की पलंगाशी आणणं, यात असतात. संधिवाताने झिजलेले गुडघे बायकांत जास्त, पण आपल्याकडे काठी घेऊन कट्ट्यावर मिरवतात ते पुरुष. हे गणित कुणी वहीत मांडत नाही. मांडलं ते मॅडमनी. संक्रांतीच्या सुमारास शेवटच्या दिवशी एकशे अठराचा आकडा जाहीर झाला, तिळगूळ वाटला गेला, आणि मॅडम हेल्मेट उचलताना म्हणाल्या, “काकू, तुम्ही वळताना दर वेळी ओट्याला का धरता?”

बरीच शोधाशोध झाल्यावर कपाटातून, पैठणीच्या घडीखालून, दोन वर्षांपूर्वीचा एक्सरे निघाला. मॅडमनी तो खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही गुडघे, आणि झीज शेवटच्या पायरीची, चौथ्या ग्रेडची. नवगुडघ्यांचा ऑपरेशनआधीचा एक्सरे एकाच पायाचा नि तिसऱ्या ग्रेडचा होता.

“एवढं होतं तर बोलली नाहीस?”

“तुमचं आटपू दे म्हटलं.”

नवगुडघे बराच वेळ गप्प बसले, आणि मला खरोखर वाटलं की आता चहाचं आधण तरी ते ठेवतील. संध्याकाळी कट्ट्यावरून जाताना त्यांचा आवाज कानावर आला. एक्सरेचं मोठं पाकीट मांडीवर होतं आणि बी विंगचे गृहस्थ पहिल्यांदाच बसलेले होते.

“आमच्या हिचे दोन्ही! चौथी ग्रेड! मॅडम म्हणाल्या, असा एक्सरे घेऊन माणूस चालतो कसा हेच कळत नाही. आता पुढच्या थंडीत दोन्ही एकदम करायचे. काय समजलात? एकदम!”