भंगार नव्हे हो, फाइव्ह-फोर्टी!

नाही हो वहिनी, भंगारवाला कसला येतोय! घेऊन जायला नाही, मीच ती विकत आणलीये. ह्यांनी नव्हे, मी. हे दारात आले, चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "किती दिवस ठेवायची?" म्हटलं, मी आहे तोवर. त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढत नाहीत, पण चहाच्या टपरीवर "आमची जीप" असं सांगत असतात म्हणे.

तो वाळत घातलेल्या चादरीचा कोपरा जरा सरकवा, म्हणजे तुमचं तोंड दिसेल. हां. आता विचारा.

हा नाद कुठून लागला? एसटीच्या डेपोत स्टोअरला होते ना मी. बुश, बेअरिंग, पाटे, पॅकिंग, सगळं माझ्या रजिस्टरातून जायचं. बेअरिंग हातात घेऊन फिरवलं की कळतं मला, त्यात किती जीव उरलाय ते. रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात. मी दिंडोरीकडच्या एका द्राक्षवाल्याच्या शेडमधून ही ओढून आणली. उमेदीत हिनं क्रेट वाहिले, औषधाचे ड्रम वाहिले, वऱ्हाडंसुद्धा नेली. पुढं मुलांनी पिकअप घेतली आणि हिच्या सीटवर कोंबड्या बसायला लागल्या.

महिंद्राची एम एम 540 आहे, 1991 ची. इंजिन डिझेल, प्यूजो कंपनीच्या परवान्यावर बनवलेलं, 2112 सीसीचं. फ्रेंच म्हणून नाक मुरडू नका, इथं आपल्या इगतपुरीच्या कारखान्यात बनायचं ते. आणि आता रस्त्यावर पोरं ज्या थार उडवतात, त्याही आपल्या नाशिकच्याच कारखान्यातल्या. तेव्हा ही माहेरीच आलीये म्हणा ना.

तुमच्या ह्यांना वाटतं ना, जीप म्हणजे मिलिटरीची, अमेरिकेची? मूळ तिकडचंच. विलीज कंपनीनं दुसऱ्या महायुद्धासाठी केली. पण आपल्याकडं पहिली विलीज जोडली गेली ती मुंबईला माझगावात, 1949 मध्ये. आणि त्या कंपनीची आतली गोष्ट सांगू का? 1945 ला निघाली तेव्हा नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढं गव्हर्नर जनरलही. इकडं 1948 मध्ये पाटीवर दोन्ही बाजूंना महिंद्रा आले. एम अँड एम ही अक्षरं तेवढी होती तशीच राहिली.

किंमत? ती नका विचारू, ह्यांनाही खरी सांगितलेली नाही. एवढंच सांगते, घ्यायला लागले त्याच्या दुप्पट तिला उभी करायला लागले. आणि तेही गाडी घेण्याआधी कागद बघितले म्हणून दुपटीवर भागलं.

कागद म्हणजे काय विचारता! आरसी बुकावर बोजा होता. द्राक्षवाल्यानं एका पतसंस्थेचं कर्ज काढून ती घेतलेली. कर्ज फेडलं, पण बुकावरची नोंद उतरवायची राहिली. आता ती पतसंस्थाच अवसायनात निघालेली, कुलूप लागून वर्षं झालेली. मग अवसायक शोधा, त्याच्याकडून ना-हरकत आणा, ती आरटीओत द्या. मी द्राक्षवाल्याला म्हटलं, दादा, बोजा उतरव, मगच पैसे. एजंट म्हणत होता, "मॅडम, नंतर करू, होऊन जातं." असं म्हणणाऱ्यांनी काय होऊन जातं ते मी स्टोअरच्या ऑडिटमध्ये पुष्कळ पाहिलंय.

तिसऱ्या गल्लीतल्या डॉक्टरांचं ऐकलंत ना? त्यांच्याकडं जुनी 3 बी आहे, उंच बॉनेटची. ते बॉनेट दिसायला म्हणून उंच नसतं हो. तिच्या पेट्रोल इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये बसवलेले, त्यामुळं इंजिनच उंच झालं. तर डॉक्टरांच्या जीपचं ते इंजिन कोणीतरी कधीच काढून डिझेल बसवलंय. बुकात अजून पेट्रोलच. आता ते आरटीओच्या चकरा मारतायत. कायदा सरळ आहे. कंपनीनं दिलं त्यात मूलभूत बदल करायचा नाही, इंजिन बदलायचं तर परवानगी काढून बुकात नोंदवायचं. सर्वोच्च न्यायालयानंही 2019 मध्ये हेच बजावलंय. डॉक्टर गाडीची नाडी बघत बसले, कागदांची बघायची राहिली.

हो, मीही पासिंग करून घेतलं. खासगी गाडीला पहिली 15 वर्षं मिळतात. मग तपासणी करून दर 5 वर्षांनी मुदत वाढवायची, वर पर्यावरण कर. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं 20 वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरणाची फी 10,000 रुपये केली. नव्या नंबरप्लेटचा खर्च निराळा. आरटीओच्या साहेबांनी चॅसीवरचा नंबर घासून पेन्सिलीनं कागदावर छाप घेतला, बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. तो जुळला आणि मला पेन्शन सुरू झाली त्या दिवसाइतका आनंद झाला.

50 वर्षांवरची असेल तर वेगळी वाट आहे. 2021 पासून व्हिंटेजची नोंदणी होते, नंबरात व्हीए अशी अक्षरं येतात. पण ती गाडी रोज भाजीला नाही नेता येत. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. डॉक्टरांना तेही नको, त्यांना दवाखान्यात मिरवत जायचंय.

आता खरी गंमत ऐका. गाडी आणली, आमच्या मिस्त्रीचाचांनी खाली वाकून पाहिलं आणि हसत सुटले. म्हणाले, "ताई, पुढचा शाफ्ट कुठाय?" फोर व्हील ड्राइव्हची जीप, आणि पुढच्या चाकांना ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्टच गायब! डिझेल वाचतं म्हणून कधीकाळच्या ड्रायव्हरनं काढून ठेवलेला. मी पुन्हा दिंडोरीला. शोधाशोध केली तर शेडच्या पन्हळीखाली टेकू म्हणून तोच उभा! द्राक्षवाला म्हणतो, "काढू नका ताई, पन्हळ पडेल." मी त्याला बांबू आणून दिला, शाफ्ट घेऊन आले. त्याचे क्रॉस तेवढे नवे घातले.

जुन्या गाडीचं काम म्हणजे हेच असतं वहिनी. कंपनीनं केलेलं बहुतेक टिकलेलं असतं. मधल्या लोकांनी केलेलं काढत बसावं लागतं. बॉडी चॅसीवरून उचलली तर ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्यावर पत्रा, त्यावर डांबर, त्यावर रबरी मॅट. मॅट सुंदर, खाली चाळण. बॅटरीखालचा पत्रा अॅसिडनं खाल्लेला. वायरिंगला तर चार रंगांच्या वायरी चिकटपट्टीनं जोडलेल्या, कुठली कुठं जाते ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सगळी फेकली, नवी हार्नेस ओढली.

चॅसी मात्र चाचांनी हातोडीनं इंच इंच वाजवून पाहिली. ठणठणीत आवाज आला की लोखंड शाबूत, बद्द आला की आतून गंज. पुढचे पाटे जिथं अडकवतात तिथं एक तडा निघाला. तो वेल्डिंगनं नुसता लिंपला नाही, आतून पट्टी देऊन मग जोडला. बॉडी काय, पंजाब-हरियाणाच्या सीमेवर मंडी डबवालीला जीपच्या नव्याकोऱ्या बॉड्या बनवतात, हवी तशी मिळते. नंबर असलेली चॅसी कुठून आणणार?

इंजिन? ते शेवटी. लोक उलट करतात, सेल्फ मारला, धूर कमी दिसला की खुश. या इंजिनाचे पार्ट मिळतात हो. रिंग-पिस्टन, बेअरिंगं, हेडचं पॅकिंग बदललं, पंप-नोझल पंपवाल्याकडं कॅलिब्रेशनला दिले. आता सकाळी हीटर लावायचा, प्लग तापू द्यायचे, मग सेल्फ. धीर नसलेल्या माणसानं ही गाडी घेऊच नये. आमचा मुलगा बटण दाबून गाडी चालू करणाऱ्यांतला, त्याला वाटलं बॅटरीच उतरलीये.

सगळ्यात छळलं ते स्टिअरिंगनं. चाळिसाच्या पुढं गेलं की पुढची चाकं अशी थरथरायची की हातातला चहा सांडावा. टायरवाला म्हणाला बॅलन्सिंग, दुसरा म्हणाला अलाइनमेंट. चाचांनी जॅक लावला, चाक वरून-खालून धरून हलवलं आणि म्हणाले, "किंगपिन." तिथली बेअरिंगं खलास होती. ती बदलली, शिम घालून घट्ट बसवलं, पाट्यांचे बुश नवे केले, ऑइल गळणारी सीलंही बदलली. आता साठीनं जाते, सरळ जाते. त्याच्यावर तिला पळवायची नाही. 62 हॉर्सपॉवरची आहे, तिच्याकडून थारचं काम का मागायचं?

ते गिअरशेजारचे दोन दांडे ना? सांगते. एकानं पुढची चाकं कामाला लागतात. दुसऱ्यानं लो लागतो, म्हणजे वेग जवळजवळ अडीच पटीनं उतरतो आणि जोर तितकाच चढतो. आधी पुढची चाकं जोडायची, मगच लो. पुढच्या चाकांवर हब असतील तर तेही हातानं फिरवून लॉक करायचे. आणि हे सगळं चिखलात, वाळूत, ओल्या चढावर. कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून मिरवायचं नाही. का? वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं वर्तुळ कापतात आणि या गाडीत पुढच्या-मागच्यांमधला फरक सांभाळणारं डिफरन्शियल मध्ये नसतं. मातीत चाक थोडं घसरतं, हिशेब मिटतो. डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा पीळ शाफ्टवर आणि गरारीवर येतो. ड्रायव्हरला दांडा कधी लावायचा हे ठाऊक नव्हतं, म्हणून डिझेल जास्त जायचं आणि म्हणून तो शाफ्ट पन्हळीखाली गेला.

रंग? हा क्रीमच राहणार. सगळे विचारतात, मिलिटरी हिरवा का नाही दिला? तो देता येत नाही. मोटार वाहन नियमातच आहे, ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांना. रस्त्यावर दिसतात त्या अनेक हिरव्या जीपा कोणी अडवलं नाही म्हणून फिरतायत, एवढंच.

मिलिटरीवरून आठवलं. तुमचा संगमनेरचा भाचा जोंगा घ्यायच्या मागं आहे ना? धोनीनं 2019 मध्ये घेतली तेव्हापासून पोरांच्या डोक्यात ती शिरलीये. गाडी रुबाबदार आहे, वादच नाही. निसानच्या पेट्रोलवरून जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनायची... पेट्रोल नव्हे हो, पॅट्रोल, गाडीचं नाव आहे ते. पण पेट्रोल प्यायलाही कमी नाही, सहा सिलिंडर, जवळजवळ 4 लिटरचं इंजिन. वर पार्ट शोधत हिंडावं लागतं. माझ्या जीपचं बेअरिंग मला दुपारी मिळतं, जोंगाच्या पार्टासाठी त्याला ओळखी काढाव्या लागतील. आणि लष्कराच्या लिलावातून निघालेली असेल तर लिलावाचे मूळ कागद आणि त्यावरून झालेली आरटीओची नोंदणी, दोन्ही हातात हवीत. "कागद नंतर देतो" म्हणाला की उठायचं, चहासुद्धा प्यायचा नाही त्याच्याकडचा.

आणखी एक सांगा त्याला. गाडीआधी मिस्त्री शोध म्हणावं. आमच्या चाचांचं वय सत्तरीला टेकलं. हाताखाली पोरं दोन, त्यातलं एक शोरूमला जायचं म्हणतंय. तिथं एसी आहे, महिन्याला पगार आहे, त्याचं काही चूक नाही. पण हातोडीच्या आवाजावरून चॅसी ओळखणारा माणूस राहिला नाही, तर पार्ट असून काय करायचे? म्हणून मी घासाघीस पार्टवाल्याशी करते, चाचांशी नाही. मजुरी ते सांगतील ती, आणि त्याच दिवशी.

तर भाच्याला म्हणावं, कागद पहिले, चॅसी दुसरी, मिस्त्री तिसरा, इंजिन चौथं आणि रंग सगळ्यात शेवटी. आणि बयाणा देण्याआधी आरसी बुकाची झेरॉक्स घेऊन माझ्याकडं पाठवा त्याला. बुक बघायला मी पैसे घेत नाही, पण बयाणा देऊन आला तर मग मला काही विचारू नका.