संगणकातली खोती

फ्लेक्स, लग्नपत्रिका किंवा बंगल्याचा नकाशा करण्याचे सॉफ्टवेअर दोन प्रकारे मिळते. एकरकमी पैसे भरून कायमचा परवाना घ्यायचा, किंवा दरमहा वर्गणी भरायची. वर्गणीत राबणारा राबतो, मालकी कंपनीकडे राहते आणि हप्ता थांबला की दार बंद. ही व्यवस्था अत्याधुनिक समजली जाते. जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याला ती चांगली परिचित आहे. खोत सरकारचा सारा भरी आणि कुळाकडून भाताचा खंड घेई. या खंडाला कंटाळून अलिबाग तालुक्यातील चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये जमीन कसणेच थांबवले. संप १९३९ पर्यंत चालला. १९४९ च्या कायद्याने खोती गेली आणि कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ पासून कसणारा मालक मानला गेला.

सॉफ्टवेअरने हा प्रवास उलट्या दिशेने केला. ॲडोबीने मे २०१३ मध्ये जाहीर केले, की २०१२ चा क्रिएटिव्ह सूट ६ हा विकत मिळणारा शेवटचा. यापुढे फक्त वर्गणी. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने ऑटोकॅडचे नवे कायमचे परवाने विकणे बंद केले, २०२० मध्ये स्केचअपनेही तेच केले. कोरलने तूर्त दोन्ही दारे उघडी ठेवली आहेत. संप कोठेही झाला नाही.

वर्गणीचे फायदे खरे आहेत. सुरुवातीला मोठी रक्कम लागत नाही आणि नवी आवृत्ती आपोआप मिळते. अलिबागजवळ किहीम-आवासला मुंबईकरांचे बंगले बांधणाऱ्या वास्तुविशारदाला ती परवडते, कारण त्याचे काम बारमाही असते आणि वर्गणी अखेर बंगलेवाल्याच्याच बिलात जिरते.

फ्लेक्सवाल्याचे गणित निराळे. जून-जुलैत मासेमारी बंद, मांडव्याच्या कॅटामरान बोटी बंद, काशिद-मुरूडच्या खोल्या रिकाम्या. गणपतीपर्यंत दुकानात पंखा तेवढा फिरतो. कंपनीच्या पंचांगात मात्र पावसाळा नाही. बिनकामाचे महिने गाळावेत, तर करार ‘वार्षिक, हप्ते मासिक’ असा निघतो आणि मध्येच सोडल्यास दंड बसतो. हा दंड ग्राहकांपासून झाकून ठेवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या शिफारशीवरून तिथल्या न्याय विभागाने जून २०२४ मध्ये ॲडोबीवर खटला भरला. हप्ता आपोआप कापण्यावर इकडे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: २४ तास आधी सूचना आणि पंधरा हजारांवरच्या रकमेला ओटीपी. नूतनीकरण त्यामुळे गच्चीवर, रेंज मिळेल त्या कोपऱ्यात होते.

परवाना तपासण्यासाठी सॉफ्टवेअरला अधूनमधून इंटरनेट लागते. ॲडोबीच्या वार्षिक ग्राहकाला त्याविना ९९ दिवसांची मुभा असते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनकडे कित्येक आठवडे वीज नव्हती. परवाना त्यात नक्की टिकला असता. संगणक सुरू होत नव्हता, एवढीच अडचण.

विकत घेतलेले तरी कायमचे असते का? क्रिएटिव्ह सूट २ चे परवाने तपासणारे सर्व्हर कंपनीनेच बंद केले. मॅकच्या २०१९ च्या कॅटालिना प्रणालीवर ३२ बिटांची जुनी सॉफ्टवेअरे उघडेनाशी झाली. मराठी दुकानदाराच्या वाट्याला आणखी एक कुलूप आले: श्रीलिपीसारख्या फॉन्टांचे, संगणकात खोचावे लागणारे डोंगल. खाऱ्या हवेत ते गंजले, की युनिकोडपूर्वीच्या फायलींत शिवजयंतीच्या मजकुराजागी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. आज्ञावली आपली, संगणक आपला, पण मजकूर परका. खरा प्रश्न किमतीचा नसून आपलीच जुनी फाइल उघडण्याची किल्ली कोणाकडे आहे, हा आहे. दरपत्रकांत त्याचा रकाना नसतो.

तिसऱ्या प्रकाराला पावती नसते. तो पेनड्राइव्हवर येतो, त्याला ‘क्रॅक’ म्हणतात आणि खरेदी-वर्गणीचा वाद त्याच्यापुरता मिटलेला असतो. कुळे मालक झाली त्याच १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये कलम ६३-ब घातले गेले: अशी प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. दंडाच्या रकमेत परवाना आरामात आला असता, पण दंड पुढच्या वर्षावर ढकलता येतो.

चौथा मार्ग कायदेशीर असून फुकट आहे, म्हणून कोणी विश्वास ठेवत नाही. इंकस्केप आणि गिम्प ही सॉफ्टवेअरे विनामूल्य आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्टही मोफत मिळतात. गिऱ्हाईक मात्र सीडीआर फाइल घेऊन येते आणि ‘कोरलमध्येच करा’ म्हणते.

हिशेब करताना वर्षाच्या वर्गणीला, आवृत्ती न बदलता जितकी वर्षे काढता येतील तितक्यांनी गुणावे आणि खरेदीच्या किमतीशेजारी ठेवावे. वर्गणी सोडण्याआधी सगळ्या फायली पीडीएफ आणि एसव्हीजीत काढून ठेवाव्यात. कारण वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स दरवर्षी लागतो. फोटो तोच, शुभेच्छुक तेच, पक्षाचे चिन्ह तेवढे बदलून द्यावे लागते.