एकशे साठवर दीड तास

निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात शिरलेला पुरुष प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. अंबरनाथच्या मोरिवलीत तो बहुधा केमिस्ट निघतो. एमआयडीसी दाराशी, उभी हयात रिअॅक्टरचं तापमान दर तासाला लॉगबुकात टिपलेला माणूस घरी बसला की त्याला टिपायला काहीतरी लागतं. मुलीनं हौसेनं ओटीजी पाठवला आणि काकूंचा ओटा काकांच्या ताब्यात गेला.

पाहुणे अंबरनाथला येतात ते 1060 सालचं शिवमंदिर बघायला. काकांकडे उतरले तर बघून जातात ओटीजी.

त्यात शिजतात बेक्ड बीन्स. शुद्ध शाकाहारी! बॉस्टनच्या मूळ पदार्थात डुकराचं खारवलेलं मांस असतं, हे काका पाहुण्यांचा पहिला घास हातात असतानाच सांगतात. मग लंडनचा नंबर. तिथं फोर्टनम अँड मेसनसारख्या बड्या दुकानात बेक्ड बीन्सचे डबे एकेकाळी चैनीचा माल म्हणून मिळत. आणि डब्यातले बीन्स भाजलेले नसतातच, बंद डब्यात वाफेवर शिजवलेले असतात. ‘‘नाव बेक्ड, आणि भट्टीचा पत्ता नाही!’’ हे वाक्य ते अशा चिडीनं म्हणतात, की जणू फसवणूक त्यांच्याच शिफ्टमध्ये झाली.

तापमान किती, हा त्यांचा लाडका प्रश्न. स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याला त्यांनी तेलाचं तापमान विचारलं. ‘‘गरम आहे काका,’’ तो म्हणाला. ‘‘गरम म्हणजे किती?’’ मागच्या रांगेनं काय उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही. इस्त्रीवाला त्यांना पाहून पडदा ओढतो. शेजारच्या पोराला ताप आला तेव्हा मात्र हा प्रश्न पहिल्यांदाच जागेवर पडला.

काकूंनी एकदा वेळ वाचवावा म्हणून बीन्ससाठी राजमा, टोमॅटो आणि काकवी एकदमच कुकरला लावली. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. दाणे खडीसारखे टणक. काका खुलले. टोमॅटोच्या आंबटपणानं आणि काकवीतल्या कॅल्शियमनं दाण्यातलं पेक्टिन विरघळत नाही, म्हणून आधी दाणा बोटानं चेपेल इतका शिजवायचा, मग त्यात कांदा, टोमॅटो, काकवी, मोहरीची पूड, आणि ओटीजीत एकशे साठ अंशांवर दीड तास. ‘‘अहो, पण जेवायचं कधी?’’ काकूंनी विचारलं. त्याची नोंद लॉगबुकात नाही.

बदलापूरजवळच्या शेतावर पोपटीला बोलावलं तर तिथेही हेच. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, वांगी, रताळी. तोंडाशी पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला. काकांनी थर्मामीटर काढला. कुठे खुपसावा ते सुचेना, म्हणून तो हातात धरून ते जाळाभोवती फिरत राहिले. शेतावरच्या आजींनी मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडले. चर्र! थेंब उडाले, पोपटी झाली. काका बराच वेळ विचार करून पुटपुटले, ‘‘म्हणजे शंभराच्या वर.’’ त्या रात्री शेंगा सर्वांत जास्त त्यांनीच खाल्ल्या.

असा माणूस डोक्यात जातो, आणि तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. वरच्या मजल्यावरच्या नव्या सूनबाईंनी लाल राजमा मंद आचेच्या विजेच्या भांड्यात दिवसभर ठेवला होता. काका बनियनवरच धावत गेले आणि बटण बंद केलं. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. ते खळखळून उकळल्याशिवाय मरत नाही, आणि ऐंशी अंशांवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही बाधतो. उलट्या-जुलाबांनी घर आडवं होतं. सूनबाई आधी रागावल्या. आता त्या राजम्याच्या बरणीवर ‘10 मिनिटं उकळी’ अशी चिठ्ठी लावतात. अक्षर काकांचं.

त्यांची कंपनी कधीच बंद झाली. फाटकाला कुलूप आहे, आत गवत माजलंय. त्या रस्त्यानं जाताना काका वेग कमी करत नाहीत, बोलतही नाहीत. कंपनीतून त्यांनी आणलं ते एकच, अर्धं कोरं लॉगबुक. डाव्या पानांवर वाफेचा दाब, उजव्या पानांवर राजमा.

तर मोरिवलीत कुणी बीन्स खायला बोलावलं तर जरूर जावं. पदार्थ खरोखर उत्तम असतो. साडेसातची वेळ दिली असेल तर नऊला पोचावं आणि पाव आपला न्यावा, कारण जवळच्या बेकरीत काकांना आता आत घेत नाहीत.