झालंच की मग!

डेमो चालला की मीटिंगमधला सगळ्यात मोठा साहेब एकच वाक्य बोलतो: ‘अरे, झालंच की मग! सोमवारी लाइव्ह करून टाका.’ सॉफ्टवेअरच्या धंद्यात याहून शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. समोर असतो तो पोरांनी रात्र जागून उभा केलेला नमुना. ड्रॉपडाउनमध्ये पुणे, सातारा, सांगली एवढेच जिल्हे, कारण डेमोला तेवढे पुरतात. ‘सेव्ह’ दाबलं की हिरवी टिक येते. माहिती कुठेच जात नाही, पण टिक अगदी वेळेवर येते. पासवर्ड कोडातच लिहिलेला, म्हणजे कुणी विसरायला नको. इतकं सगळं जमून आलेलं असताना ‘सर, हा फक्त नमुना आहे, आता नीट बांधू’ असं म्हणणारा ज्युनियर पोरगा करंटाच म्हणायचा.

या करंट्यांचे गुरू अमेरिकेत. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये ओएस/३६० चा डोलारा सांभाळला आणि 1975 साली पुस्तक लिहून सांगितलं की, पहिली सिस्टीम टाकून द्यायच्या तयारीनेच बांधा, नाहीतरी ती टाकावी लागतेच. टाकून द्या! जुन्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या आपल्या लोकांना हे पटणार कसं? पुढे 1995 च्या आवृत्तीत ब्रुक्स यांनीच तो सल्ला फार ढोबळ होता असं मान्य केलं. आम्ही तो मुळातच पाळला नव्हता, त्यामुळे आमचं काही अडलं नाही.

आणि नमुना टिकवण्याचे फायदे बघा. 1995 च्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना तयार केला. त्यात ‘नल’ म्हणजे रिकामं मूल्य. पण त्याचा प्रकार विचारला तर उत्तर येतं ‘ऑब्जेक्ट’. हे उत्तर आजही येतं. मध्यंतरी कुणीतरी दुरुस्ती सुचवली होती. पण त्या चुकीच्या भरवशावर इतक्या वेबसाइट उभ्या होत्या की दुरुस्तीच मोडतोड करणार असं दिसलं, आणि ती नामंजूर झाली. दहा दिवसांच्या घाईला एवढं दीर्घायुष्य! वर्षभर विचार करून केलेल्या किती डिझाइनांच्या नशिबी हे येतं?

आधी डिझाइन, मग कोड म्हणणारेही आहेत. त्यांच्यावर अन्याय नको. एफबीआयने आपल्या ‘व्हर्च्युअल केस फाइल’ या सॉफ्टवेअरसाठी 800 हून अधिक पानांचं मागणीपत्र केलं. बटण कुठे असावं, त्यावर काय लिहावं, इथपर्यंत सगळं त्यात होतं. सुमारे 17 कोटी डॉलर खर्चून 2005 मध्ये प्रकल्प गुंडाळला. सिस्टीम वापरात आलीच नाही, त्यामुळे वापरणाऱ्यांची तिच्याबद्दल एकही तक्रार आली नाही. हा विक्रम नमुनेवाल्यांना मोडता आलेला नाही.

या ‘आधी डिझाइन’ पंथाची श्रद्धा एका चित्रावर आहे. विन्स्टन रॉइस यांच्या 1970 च्या लेखात एकाखाली एक चौकटी आहेत: मागणी, डिझाइन, कोड, चाचणी. चित्राखाली रॉइस यांनी लिहिलंय की ही पद्धत धोक्याची आहे, आणि पुढे सांगितलंय की सिस्टीम नवी असेल तर आधी एक छोटी करून बघा, गिऱ्हाइकाला दुसरी द्या. पण चित्र एवढं सुबक असताना खालचा मजकूर कोण वाचतो?

म्हणून मी दोन्ही पंथांना धरून राहतो. नमुनाच लाइव्ह करावा आणि डिझाइन डॉक्युमेंटही जरूर लिहावं, फक्त ऑडिटच्या आदल्या रात्री. कोडकडे बघून लिहिलेलं डिझाइन कोडशी तंतोतंत जुळतं. आधी लिहिलेलं कधीच जुळत नाही. वर तारीख तेवढी मागची टाकायला विसरू नका.