टेडीचे हातपाय: नवशिक्यांसाठी

धड शिवून झालं, डोकं बसलं आणि हातपाय टेबलावर सुटे पडलेत. इथून पुढे धीर लागतो. ते सरळ धडाला शिवून टाकले तर काम दहा मिनिटांत आटपेल, पण टेडी जन्मभर उसने पैसे मागायला आल्यासारखा हात पुढे करून उभा राहील. आपल्याला हलते हातपाय हवेत.

आधी हात मोजा. दोन भरले? छान. आता एक डावा आणि एक उजवा आहे ना, ते पाहा. बहुतेक वेळा दोन्ही डावे निघतात, कारण कापडावर दुसरा हात आखताना नमुना उलटा करायचा राहतो. पुन्हा कापायचा कंटाळा असेल तर टेडी डावखुरा आहे म्हणून सांगा.

हलत्या सांध्यांचा त्रास थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. जर्मनीत गिंगेन गावी १९०२ साली रिचर्ड श्टाइफनं जे अस्वल काढलं, त्याचं नाव ५५ पीबी: उंची ५५ सेंटिमीटर, पी म्हणजे प्लश आणि बी म्हणजे हलणारं. त्याचे सांधे दोऱ्याचे होते. ते टिकेनात, म्हणून कंपनीनं आत लोखंडी सळ्या घालून पाहिल्या आणि शेवटी पुठ्ठ्याच्या चकत्यांवर आली. मोठ्या टेडीला चकती, वॉशर आणि पिन आजही उत्तम. तुमचा चार इंची असेल तर त्या नादी लागू नका. एवढ्याशा दंडात चकती आणि पिन शिरली की कापसाला बाहेर थांबावं लागतं. इथे दोराच बरा.

साधा शिलाईचा दोरा मात्र नको, ऐन वेळी दगा देतो. चामड्याच्या कामाचा मेण लावलेला दोरा घ्या, नाहीतर दातांचा फ्लॉस. दोन्ही हातांवर बाहेरून एकेक बटण ठेवा. लांब सुई डाव्या हातावरच्या बटणातून घाला आणि हात, धड, उजवा हात असं करत उजव्या बटणातून बाहेर काढा. मग त्या बटणाच्या दुसऱ्या भोकातून त्याच वाटेनं परत. धडाला जाता-येता भोक एकच हवं. दोन पडली की हात फिरायचं नाव घेत नाही. आता दोऱ्याची दोन्ही टोकं ओढा. अजून ओढा. खांदे आत दबेपर्यंत ओढा, आणि तेवढा वेळ टेडीच्या चेहऱ्याकडे पाहू नका.

गाठीची पहिली अढी मारली की दुसरी मारेपर्यंत ती सुटते. म्हणून घरातल्या कुणाला तरी त्यावर बोट ठेवायला बोलावलं जातं आणि त्याचंच बोट गाठीत अडकतं. त्यापेक्षा टाके घालताना डॉक्टर देतात तसा पहिल्या अढीला दुहेरी पीळ द्या. सरकत नाही, आणि घरात शांतताही राहते.

आता हात वर करून सोडा. तिथेच राहिला तर जमलं. हळूहळू खाली आला तर दोरा कापा आणि पहिल्यापासून सुरू करा.

पायांची कृती तीच. फक्त टाचण्यांनी लावून आधी टेडीला बसवून पाहा, नाहीतर तो कायम मागे कलंडेल.

आणि एक गोष्ट थट्टेची नाही: बटणं लावलेला टेडी तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका. दोरा कितीही पक्का असला तरी बटण निघतं, आणि निघालं की ते थेट तोंडात जातं.