कंट्रोलकाका

पूर्वी प्रत्येक वाड्यात किंवा चाळीत होमिओपॅथीची पेटी बाळगणारे एक गृहस्थ असत. नोकरी पोस्टात नाहीतर रेल्वेत. पण संध्याकाळी घरी येऊन सदरा बदलला की दवाखाना सुरू. शेजारी कुणी नुसतं शिंकलं तरी हे पेटी घेऊन दारात. साबुदाण्यासारख्या गोळ्या फुकट, मात्र त्यांच्यासोबत कांदा-लसूण बंद आणि लहानपणापासूनची हकिकत सांगणं सक्तीचं. ती पेटी आता दिसत नाही. तिच्या जागी पेन ड्राइव्ह आला आहे. गृहस्थ तेच आहेत.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत ते बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. नाव खालच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वापरत नाही. सगळे त्यांना कंट्रोलकाका म्हणतात. ए विंगमधल्या एका आजींचा यावरून बरेच दिवस घोटाळा झाला होता. त्यांच्या लेखी ‘कंट्रोल’ म्हणजे रेशनचं दुकान. काकांच्या ओळखीने साखर मिळत असेल अशा समजुतीने त्यांनी एकदा नातवाबरोबर पिशवी पाठवली. काकांनी ती परत पाठवली, पण रिकामी नाही. आत एक कागद होता. त्यावर ठळक अक्षरांत कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-झेड आणि त्यांचे उपयोग. आजींकडे संगणक नाही. कागद अजून देवघराशेजारी लावलेला आहे.

काका सरकारी खात्यातून निवृत्त झाले. नोकरीची थोडीच वर्षं उरली असताना त्यांना एमएस-सीआयटी करावी लागली. ती पास केली नाही तर वेतनवाढ अडते म्हणून अख्ख्या खात्याने नाक दाबून केली आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी विसरून टाकली. काकांना मात्र त्या वर्गात साक्षात्कार झाला. तीस वर्षं त्यांनी असे कागद हाताळले होते की ज्यात एक अक्षर खोडलं तरी बाजूला सही करावी लागे. इथे कंट्रोल-झेड दाबलं की चूक निमूट मागे जात होती. सही नाही, शिक्का नाही, वरिष्ठांची मंजुरी नाही. त्या दिवसापासून काका आमचे राहिले नाहीत.

विरोधाभास असा की या शॉर्टकटच्या माणसाला बोलण्यात एकही शॉर्टकट येत नाही. कॉपी-पेस्ट शिकवायला बसले की सुरुवात लॅरी टेस्लरपासून. हे टेस्लर सत्तरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात होते आणि कट-कॉपी-पेस्ट ही रीत त्यांनी बसवली. फेब्रुवारी २०२० मध्ये ते गेले, तेव्हा काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसह बातमी टाकली. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हा मजकूर बावीस जणांनी एकमेकांचा उचलून टाकला. तेविसाव्याने विचारलं, “कोणत्या विंगचे?”

टेस्लर झाले की मग क्लिपबोर्ड. “क्लिपबोर्ड म्हणजे एकच पाट,” काका सांगतात. “त्यावर एका वेळी एकच जण जेवायला बसणार. दुसरं काही कॉपी केलंस की पहिला उठला. कळलं?” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की कॉपी करताना मला पाटाखालची रांगोळीसुद्धा दिसते.

काकांचा सर्वांत मोठा शत्रू व्हायरस नाही. रिफ्रेश आहे. आपल्याकडे संगणक सुरू केला की माणूस आधी काय करतो? उजवं बटण, रिफ्रेश. पुन्हा उजवं बटण, रिफ्रेश. काम काही नाही, पण करायचं. पूर्वीचे लोक बसल्या बसल्या सुपारी कातरत, तसं. मीही करतो. एकदा काकांनी माझा हात माउससकट धरला. “काय मिळतं रे तुला?”

“जरा फास्ट होतो, काका.”

“काही होत नाही. पडद्यावरची चित्रं होती तशीच पुन्हा मांडली जातात, बस. बैठकीतल्या खुर्च्या उचलून पुन्हा तिथेच ठेवल्यास तर घर मोठं होतं का?”

मला पटलं. त्यांची पाठ वळताच मी दोनदा रिफ्रेश केलं.

फुकट या शब्दाबद्दल काका फार काटेकोर आहेत. त्यांच्या मते फुकट, मोफत आणि मुक्त ही तीन वेगवेगळी गोत्रं. जे घेताना आपली काहीतरी किंमत वसूल होते ते फुकट. ज्याला पैसे पडत नाहीत पण आतली रेसिपी मालकाकडेच राहते ते मोफत. आणि ज्याची रेसिपीही सगळ्यांना खुली ते मुक्त. मुक्तमध्ये त्यांचा जीव व्हीएलसीवर. कुठलाही व्हिडिओ द्या, तक्रार न करता लावतो. पॅरिसच्या एका कॉलेजातल्या पोरांनी १९९६ मध्ये हे काम सुरू केलं आणि रस्त्यावरचे नारिंगी शंकू गोळा करायची त्यांना खोड होती, म्हणून चिन्ह शंकूचं. डिसेंबरात नाताळच्या सुमारास त्या शंकूला लाल टोपी येते. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा काकू ओरडल्या होत्या, “अहो, याला काहीतरी झालंय!” लिब्रेऑफिसही मुक्त. २०१० मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं निघालेलं हे बिऱ्हाड पत्र, हिशेब, सादरीकरण सगळं करतं आणि त्याचा मेनू मराठीतही करता येतो. काकांनी अभिमानाने केला. मग ‘सेव्ह’ कुठे गेलं हे शोधण्यात दोन दिवस गेले, पण ते या विषयावर बोलत नाहीत.

विनरारची गोष्ट मात्र मी सांगायलाच हवी. त्याची चाचणीची मुदत ४० दिवस. ती संपली तरी बिचारं चालूच राहतं, फक्त उघडताना ‘विकत घ्या’ अशी हळूच आठवण करतं. वर्षानुवर्षं त्या आठवणीवर टिचकी मारून पुढे गेलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यातलाच मी एक. काकांनी एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी, आंघोळ करून, ते काढून टाकलं आणि सेव्हन-झिप घातलं. “मुदत म्हणजे मुदत,” ते म्हणाले. सरकारी खात्यात या माणसाचं कसं निभावलं असेल, मला कल्पना करवत नाही.

फुकटचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. पीडीएफमधून वर्ड करणारं काहीतरी मी कुठूनतरी उतरवलं. पानावर हिरवंगार, टपोरं ‘डाउनलोड’ बटण होतं, ते दाबलं. मग नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट. पीडीएफ पीडीएफच राहिली. ब्राउझरचं पहिलं पान मात्र बदललं आणि कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी एक बाई मला संगणक साफ करून देण्याची गळ घालू लागली. काका आले, शांतपणे सगळं उपटून काढलं. “सगळ्यांत मोठं बटण कधी दाबायचं नाही. तो गळ असतो. खरं डाउनलोड कोपऱ्यात बारीक अक्षरांत, लाजून उभं असतं. तेही ज्याने बनवलं त्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायचं. आणि नेक्स्ट दाबताना आधी बघायचं, कुणी गुपचूप बरोबर-खूण करून ठेवली आहे का. लग्नाची बोलणी करताना वाचतोस ना सगळं?” माझं लग्न झालं तेव्हा मी तेही वाचलं नव्हतं, पण स्वयंपाकघर जवळ असल्यामुळे गप्प बसलो.

काका खरे कळायचे तर त्यांना ऐनवेळी बघावं. आमच्या वर राहणाऱ्या मुलीचा बँकेच्या परीक्षेचा फॉर्म. शेवटची तारीख, रात्रीचे सव्वाअकरा. फोटो हवा २० ते ५० केबीचा, सही १० ते २० केबीची, शिवाय अंगठ्याचा ठसा आणि हाताने लिहिलेलं प्रतिज्ञापत्र. मोबाइलवर काढलेला फोटो निघाला ४ एमबीचा. साइट तो घेईना. मुलगी रडकुंडीला, आई देवाजवळ, वडील ‘आधीपासून सांगत होतो’ या भूमिकेत. काका लेंग्यावरच आले. किल्ल्यांच्या जुडग्यातला पेन ड्राइव्ह लावला आणि एक खूण उघडली. चिरडलेल्या लाल मांजरासारखी.

“हे इरफानव्ह्यू,” ते म्हणाले. “बोस्नियातला इरफान श्किल्यान नावाचा मुलगा. व्हिएन्नात शिकायला गेला. तिथे १९९६ मध्ये एकट्याने—”

“काका, बाराला बंद होतं.”

“अगं, बारा वाजायला अजून अडतीस मिनिटं आहेत. तेवढ्यात बोस्नियाचं युद्धसुद्धा सांगून होईल.”

हात मात्र चालू होते. माउसने चौकोन ओढला, चेहरा तेवढा कापून घेतला, रुंदी कमी केली. सेव्ह करताना एक रकाना येतो, त्यात फाइल किती केबीची हवी तो आकडा लिहिता येतो. काकांनी ४५ लिहिलं. फोटो गेला. सहीच्या कागदावर ट्यूबलाइटची सावली पडली होती. ती उजळवली, मग १८ लिहिलं. सही गेली. अंगठा गेला. तोवर इरफान पदवीपर्यंत पोचला होता. अकरा सत्तावन्नला फी भरली, ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर, मोबाइल खालच्या मजल्यावर माझ्याकडे चार्जिंगला. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो. फॉर्म गेला.

मुलगी पुढे बँकेत लागली. काका मध्ये तिच्या शाखेत पासबुक भरायला गेले होते. रांगेत उभं राहून त्यांनी कौतुकाने काउंटरकडे पाहिलं. ती बसली होती. उजवं बटण, रिफ्रेश, उजवं बटण, रिफ्रेश. काका पासबुक न भरताच परतले.

गेल्या सर्वसाधारण सभेचीही कथा अशीच. सेक्रेटरींनी सूचना जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली होती. त्यांच्या संगणकावर स्वच्छ मराठी. बाकी सगळ्यांकडे टोपी घातलेले फ्रेंच स्वर, डॉलर आणि उलटी प्रश्नचिन्हं. काकांनी उभं राहून युनिकोड समजावला. “आता प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘अ’ म्हणजे ०९०५, जगात कुठेही जा. आधार नंबरच म्हणा. फॉन्ट म्हणजे फक्त अंगातला सदरा.” सेक्रेटरींनी सूचना युनिकोडमध्ये पुन्हा पाठवली. काकांनी ती वाचली आणि पुन्हा उभे राहिले. सूचनेत ‘दुसर्या मजल्यावरील गळती’ असं लिहिलं होतं.

“दुसर्या नव्हे. दुसऱ्या! इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबा, मग डी म्हणजे हलन्त, मग प्रश्नचिन्हाच्या कळीवरचा य. तीन कळा. एवढं काय जड आहे?”

“काका, गळती कुठे आहे ते समजलं ना?”

“गळती कुठल्याही मजल्यावर असू दे. र डोक्यावर गळता कामा नये.”

सभा पाऊण तास लांबली. गळतीचा ठराव पुढच्या सभेवर गेला. आता मात्र आमच्या सोसायटीच्या सूचनांमध्ये ‘दुसऱ्या’, ‘सुट्ट्या’, ‘कचऱ्याची’ हे सगळं इतकं शुद्ध असतं की कचरा उचलला जात नाही याचं फारसं दुःख होत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा आधार संपला, तेव्हा काकांनी घरोघरी फिरून जुन्या लॅपटॉपांची पाहणी केली. माझा विंडोज इलेव्हनला अपात्र निघाला. “भंगारात द्यायचा नाही,” म्हणाले, आणि दोन तासांत त्यावर लिनक्स मिंट चढवलं. लॅपटॉप तरुण झाला. प्रिंटर त्या दिवसापासून मौनात आहे. काकांना विचारलं तर म्हणतात, “छापायचं कशाला? पीडीएफ कर.”

आणि मग माझ्याकडून ती चूक झाली. ऑफिसच्या लॅपटॉपवर मी काम करत होतो, काका चहा पीत बाजूला बसले होते. मी चार ठिकाणचे चार आकडे कॉपी केले आणि विंडोज-व्ही दाबलं. छोटी खिडकी उघडली, चारही एकाखाली एक. काकांचा कप हवेत थांबला.

“हे काय?”

“क्लिपबोर्डचा इतिहास, काका. पहिल्यांदा दाबल्यावर ‘चालू करा’ म्हणायचं, मग शेवटच्या २५ गोष्टी राहतात. बरीच वर्षं आहे हे.”

पाट एकच होता. इथे पंगत बसली होती. काका काही बोलले नाहीत. इतिहास नाही, टेस्लर नाही. चहा तसाच ठेवून, चपला उलट्यासुलट्या घालून ते गेले. मला दोन दिवस चुकल्यासारखं झालं. कंट्रोल-झेड कुठे दाबायचं ते कळेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला ग्रुपवर आलं: ‘मित्रहो, बहुतेकांना माहीत नसलेली एक युक्ती.’ आणि रविवारी दुपारी दीडला बेल वाजली.

“तुला एक गंमत दाखवतो,” काका म्हणाले. “सरक जरा.”

मी खुर्ची दिली. त्यांनी विंडोज-व्ही दाबलं, माझ्याकडे पाहिलं. मी जमेल तेवढा चकित झालो.

“थांब. आता ही टाचणी बघ, प्रत्येक ओळीशेजारी. ही टोचली की मशीन बंद करून सुरू केलंस तरी ती ओळ जागेवर. बाकीच्या जातात. हे माहीत होतं?”

नव्हतं.